आमच्या गोंड्याचा फोटो कुणाकडं आहे का?

मा. संपादक, स.न.वि.वि.

पत्र जरा वेगळ्या विषयावर आहे पण कृपा करून छापा. १९८३ ते ८९ सोलापुरात अशोक चौकाजवळच्या चाळीत आमच्याकडं एक कुत्रा होता, शेपटीचं टोक पांढरं झुबकेदार म्हणून नाव गोंड्या. वडील कापडाच्या मागावर कामाला जायचे, ते घरी आले की हा त्यांच्या शर्टाला चिकटलेलं सूत दातानं ओढून काढायचा. ८९ च्या गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, आम्ही सगळे होम मैदानावर दारूकाम बघायला गेलतो, त्याला एकट्याला खिडकीला बांधून. परत येऊन बघतो तर दोरी तुटलेली. चूक आमचीच होती. आठ दिवस शोधलं, कंबर तलावापर्यंत जाऊन आलो, सापडला नाही.

आता मी वॉटरकलर शिकतोय आणि दोन महिने झाले त्याचंच चित्र काढतोय. फोटो एकही नाही, तेव्हा रोल महाग, घरातल्या माणसांचेच फोटो लग्नाकार्यात निघायचे तिथं कुत्र्याचा कोण काढणार. एका पोर्ट्रेटवाल्याकडं आधी गेलो तर म्हणाले फोटोशिवाय होत नाही, आणि त्यांचंही बरोबरच आहे. आपल्या पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेनसाहेब, त्यांची आई ते तान्हे असतानाच गेली, तिचा चेहराच आठवत नाही असं ते सांगायचे आणि त्यांच्या मदर तेरेसांच्या चित्रांत चेहऱ्याची जागा कोरी असते. मला निदान आठवतंय तरी.

पण आठवण म्हणजे काय हे रंग लावायला बसल्यावर कळलं. मी म्हणतो गोंड्या काळाकुळकुळीत, अक्का म्हणते तांबूस होता, फोनवर चक्क भांडण झालं. शेवटी क्लासमधल्या सरांनी सांगितलं की काळा रंग ट्यूबमधनं थेट लावायचा नाही, मेलेला दिसतो, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून करायचा. तसा केला आणि पाठीवर सिएना जरा जास्त पडला तर एकदम तोच! अक्का दुपारी दारात निवडत बसायची तेव्हा तो तिच्यापाशी उन्हात पडलेला असायचा आणि काळं केस उन्हात तांबूसच दिसतात, मी बघायचो तो रात्री, अभ्यासाला बसल्यावर, चाळीस वॅटच्या बल्बखाली. दोघांचं खरं होतं. डोळ्यातला चमकीचा ठिपका पांढरा रंग न लावता कागदच कोरा सोडून ठेवलाय, त्याला तीन कागद वाया गेले, कारण एप्रिलमधल्या सोलापुरात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, मारला की ब्रश उचलेपर्यंत कडा वाळलेल्या असतात.

अडलंय ते कानापाशी. एक कान उभा आणि एक दुमडलेला, पण कुठला दुमडलेला ते मलाही सांगता येईना आणि अक्कालाही. आई असती तर तिनं सांगितलं असतं.

म्हणून विनंती, त्या भागात तेव्हा राहिलेल्यांनी जुने अल्बम एकदा काढून बघा. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मांडवात, बारशाच्या फोटोत मागं कुठंतरी काळा कुत्रा दिसला, शेपटीचं टोक पांढरं, तर पेपरच्या ऑफिसात कळवा. फोटो मागणार नाही, येऊन बघून जाईन. तोवर दोन्ही कान पेन्सिलीतच ठेवलेत.

आपला,
एक वाचक, सोलापूर