सूचना : थिबा पॅलेस भेटीसाठी मुलांची निवड

सभासद शिक्षकांनो,

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसमधील संग्रहालयात न्यायची मुले गुणांवरून निवडू नका. घरी संगमेश्वरी बोली बोलणारे, सुट्टीत बंदरावर कामाला जाणारे मूल लेखी चाचणीत हमखास मागे पडते. त्याऐवजी वर्गात एखादी जुनी पायली किंवा अडकित्ता ठेवा. 10 मिनिटे निरखू द्या, प्रत्येकाकडून 3 प्रश्न घ्या. ‘ही कड इथंच का झिजली?’ असे विचारणारे मूल आपल्याला हवे. प्रश्न बोलीत आला तर बोलीतच टिपा, सुधारू नका.

दालनात एका शिक्षकामागे 6 मुले, प्रत्येकाला एकच वस्तू, 20 मिनिटे. आत फक्त पेन्सिल न्यायची; शाई आणि पाण्याची बाटली बाहेर. माहितीची पाटी शेवटी वाचायची, नाहीतर मुले तीच उतरवून काढतात आणि निरखणे राहून जाते. सगळी दालने पाहून होणार नाहीत, होऊ नयेत. संग्रहालय सोमवारी बंद असते.

नंतर पंधरवड्यात जवळच्या कातळशिल्पाचे (कातळात कोरलेल्या जुन्या चित्राचे) रेखाटन : दोरीची 1 मीटरची चौकट, आलेखवहीत 1 मीटरला 5 सें.मी. सकाळच्या तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, दुपारी सपाट होतात (आणि कातळ भाजतो). फोटोसाठी खोबणीत खडू किंवा चुना अजिबात भरायचा नाही.

नावांसोबत प्रश्नांचे मूळ कागद पाठवा, गुणपत्रिका नकोत.