दुखवट्याच्या घरी फराळाचा डबा

महोदय,
'दुःख झालेल्या घरी वर्षभर सणाला जाऊ नये' हे आपल्या दिवाळी पुरवणीतील लेखातले मत पटले नाही. सुतक साधारणपणे १० दिवसांचे. पुढे वर्षभर सण न करण्याची रीत अनेक घरांत आहे, पण ती त्या घरापुरती. तिथे कढई चढत नाही म्हणूनच तर नातलग आणि शेजारी फराळ पोहोचवतात. जाणाऱ्याला रीत अडवत नाही.

आमचे हे आषाढात गेले. रामकुंडावर दहाव्याला माणसांची रीघ होती. एकटेपणा जाणवला तो दिवाळीत. नरक चतुर्दशीला पंचवटीतल्या मैत्रिणी डबे घेऊन आल्या. मोहन जास्त झाल्याने एकीच्या चकल्या हातातच मोडत होत्या. ह्यांना चकलीचा चुरा चहात लागायचा, असा विषय निघाला आणि पुण्याहून आलेला मुलगा वडिलांबद्दल प्रथमच मोकळेपणी बोलला. (चुरा संपला, हे वेगळे सांगायला नको.)

जाऊ नका म्हणण्यापेक्षा, गेल्यावर काय बोलू नये हे लेखकाने सांगायला हवे होते. 'कसं झालं हो?' हा प्रश्न तेवढा पुन्हा विचारू नये.

– एक गृहिणी, नाशिक