त्या नाचाचा एकच अर्थ लावू नका

महोदय,

थिओडोर रेथकी या अमेरिकन कवीच्या ‘माय पापाज वॉल्ट्झ’ (माझ्या बापाचा वॉल्ट्झ, म्हणजे जोडीने धरायचा नाच) या कवितेवर आपल्या रविवार पुरवणीत दोन पत्रे आली. एकाच्या मते ती दारुड्या बापाच्या मारझोडीची कविता, दुसऱ्याच्या मते निव्वळ मायेची. दोघांनीही समोरच्याला पार खोटे पाडले, म्हणून लिहायला बसलो.

कविता जेमतेम १६ ओळींची. बापाच्या तोंडाच्या व्हिस्कीच्या वासानेच पोराला भोवळ यावी. तरी पोर त्याला घट्ट धरून नाचते. फळीवरची भांडी घसरतात. आईच्या कपाळावरची आठी हलत नाही. बापाच्या बोटाचा सांधा ठेचलेला, आणि त्याचे पाऊल चुकले की पट्ट्याचे बकल पोराच्या कानाला घासते. बाप त्याच्या डोक्यावर ताल धरतो. इंग्रजीत त्या तालाच्या ‘बीट’ या शब्दात मारही आहे. आपल्याकडे ढोलकीही बडवतात आणि पोरालाही बडवतात, तसेच ते. मराठीत नुसते ‘ताल धरला’ म्हटले की अर्धी कविता गेली.

माझे वडील परळच्या गिरणीत होते. गणपतीला संगमेश्वरला यायचे, वाडीतल्या जाखडीत नाचायचे. रात्री उशिरा घरी आले की मला उठवून आपल्या पावलांवर उभे करायचे आणि सारवलेल्या पडवीत फेर धरायचे. पायातला चाळ सोडलेला नसायचा, त्याची घुंगरे माझ्या घोट्याला ओरखडत. दारूचा वास यायचा. मला भीती वाटायची आणि ते थांबू नयेत असेही वाटायचे. वर्षातून तेवढेच आठ-दहा दिवस वडील मिळायचे. माझी थोरली बहीण मात्र त्या रात्रींबद्दल बोलत नाही. मी झोपल्यावर आईवर उठलेला हात तिने पाहिला होता. घर एक, बाप एक. आता आम्हा दोघांतले खोटे कोण?

रेथकीचे वडील मिशिगनमधल्या सॅगिनॉ गावी काचघरांत फुले पिकवत. कवितेतल्या बापाच्या तळहातावर घट्ट बसलेली माती आहे, ती मला तिथलीच वाटते. ते १९२३ मध्ये गेले तेव्हा मुलगा १४ वर्षांचा होता. पुढे १९४० च्या दशकात, कवी चांगला जाणता झाल्यावर, ही कविता छापली गेली. गेलेल्या बापाशी ‘तू’ म्हणून बोलणारा हा प्रौढ माणूस आहे. त्याला न्यायनिवाडा करायचा असता तर तो सरळ करता आला असता. त्याने तो केला नाही, आणि बकलही लपवले नाही.

माझ्या पुतणीने कॉलेजच्या परीक्षेत लिहिले, ‘मुलगा घाबरला आहे, पण त्याला नाच संपायला नको आहे.’ उत्तरावर लाल काट मारली गेली, कारण गाइडमध्ये ‘घरगुती हिंसा’ एवढेच होते. मला याचा फार त्रास झाला. पोरीने कविता खरीखुरी वाचली होती हो! शिक्षकांना कळकळीची विनंती आहे, मुलाने ओळीवर बोट ठेवून अर्थ सांगितला तर तो आधी ऐकून घ्या.

परवा बहिणीला मी ती कविता मराठीत सांगितली. माझा सगळा जीव शेवटच्या ओळीत, झोपायला नेतानाही बापाचा शर्ट न सोडणाऱ्या त्या पोरात. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आईचं कपाळ बरोबर लिवलान.”

आपला,
एक वाचक, संगमेश्वर