फौजेनं मागितलंय का, ते आधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक कोणतीही असो, आमच्या लातूर-धाराशिव भागात एक आश्वासन हमखास कानावर येतं : संरक्षण खात्याचा कारखाना आणू. 2018 च्या अर्थसंकल्पात दोन डिफेन्स कॉरिडॉर, म्हणजे संरक्षण उद्योगांचे पट्टे, जाहीर झाले, ते उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या वाट्याला गेले. तेव्हापासून ‘मराठवाड्यानं काय घोडं मारलंय’ हे पालुपद पारावरही ऐकतो. मी फौजेत स्टोअरकीपर होतो, हवालदार म्हणून घरी आलो. अनुशेषाची चीड मलाही आहे. तरीही हा कारखाना आपण मागू नये, असं माझं मत आहे. फौजेला हवा असेल आणि जागा सोयीची असेल तर जरूर यावा. पण खासदारासाठी म्हणून येत असेल, तर तो दुसरीकडेही जाऊ नये आणि आमच्याकडेही येऊ नये.

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यातल्या राजगीरच्या आयुध निर्माणीचं उदाहरण घ्या. जॉर्ज फर्नांडिस संरक्षणमंत्री होते आणि नालंद्याचे खासदारही. 1999 मध्ये पायाभरणी झाली, 2001 मध्ये 941 कोटींची मंजुरी मिळाली. 155 मिमी तोफेचा गोळा ज्या दारूच्या जोरावर सुटतो, ती दारू तिथं चार वर्षांत तयार व्हायची होती. तंत्रज्ञान देणारी दक्षिण आफ्रिकेची कंपनी 2005 मध्ये दलालीच्या आरोपांवरून बाद झाली आणि काम लोंबकळलं. खर्चाचा आकडा 2,160 कोटींवर गेला. तोपर्यंत दारू बाहेरूनच येत राहिली.

यावर काँग्रेसवाल्यांनी हसू नये. अमेठीतल्या कोरव्यात 2007 साली कार्बाइनसाठी, म्हणजे आखूड बंदुकांसाठी, 408 कोटींचा कारखाना मंजूर झाला. अमेठी कोणाची होती हे सांगायला नको. पुढं त्याच कोरव्यात मार्च 2019 मध्ये, लोकसभेच्या तारखा जाहीर व्हायच्या आठवडाभर आधी, एके-203 रायफलींच्या प्रकल्पाचा सोहळा झाला. पहिल्या रायफली बनायला 2023 उजाडलं. पक्ष बदलला, सोहळ्याची जागा तीच. आणि इकडं सप्टेंबर 2016 ची मोजणी करून सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं सांगितलं, की दारूगोळ्याच्या 152 प्रकारांपैकी 61 प्रकार लढाईत दहा दिवसही पुरणार नाहीत.

डेपोतलं एक सांगतो. कोणता डेपो, ते राहू द्या. उघड्यावर ठेवलेल्या मालासाठी आम्ही ताडपत्र्या मागितल्या होत्या. दोन पावसाळे गेले, ताडपत्री आली नाही, आणि बुटांच्या पेट्या भिजून आत बुरशी धरली. पेटी उघडली की वास नाकात बसायचा. त्याच डेपोत मंत्र्यांचा दौरा ठरला. पंधरा दिवसांत आतला रस्ता डांबरी झाला, कारंजं बसलं, झाडांच्या बुंध्यांना आणि वाटेकडेच्या दगडांना गेरू-चुना लागला. मंत्री चाळीस मिनिटं थांबले. कारंजं पुढं कधी चालू झाल्याचं मला आठवत नाही. फौजेत गंमतीनं म्हणतात, हलेल त्याला सलाम ठोका, हलणार नाही त्याला चुना लावा. तो चुना कोणाच्या पैशाचा, हे तेव्हा आमच्या डोक्यात यायचं नाही.

बचतीची वेळ आली की कात्री मात्र माणसावर चालते. 2025-26 चा संरक्षण अर्थसंकल्प 6.81 लाख कोटींचा. त्यात सुमारे 1.61 लाख कोटी पेन्शनचे, नवी सामग्री, बांधकामं अशा भांडवली खर्चासाठी 1.80 लाख कोटी. या आकड्याकडे बोट दाखवून पेन्शन म्हणजे उधळपट्टी असं सांगणारे पुष्कळ भेटतात. (मी पेन्शन खातो, तेव्हा माझं म्हणणं त्या हिशोबानं तोलून घ्या.) 2022 मध्ये अग्निपथ आली : चार वर्षं नोकरी, शंभरातले पंचवीस कायम, बाकीचे घरी. औसा-तुळजापूर रस्त्यावर पहाटे साडेचारला पोरं पळताना दिसतात, काही अनवाणी, एकाच्या हातात मोबाईलचं स्टॉपवॉच. माझ्या पुतण्याचा पोरगा त्यांच्यातच आहे. परवा विचारत होता, “आप्पा, चार वर्षांनी काय करायचं हो?” जिथं कोनशिला बसते तिथं मतं असतात, म्हणून तिथली कात्री बोथट. या पोरांच्या बाजूनं भांडायला कोण आहे?

खर्च कमी करताच येत नाही, असं नाही. मनोहर पर्रीकरांनी 2016 मध्ये लेफ्टनंट जनरल शेकटकर यांची समिती नेमली. तिच्या शिफारशींतून 39 मिलिटरी फार्म म्हणजे लष्कराच्या डेअऱ्या बंद करायचं ठरलं. पहिला फार्म 1889 चा, इंग्रजांनी गोऱ्या पलटणींना दूध मिळावं म्हणून काढलेला. शेवटी 2021 मध्ये त्यांना टाळं लागलं. त्या दुधाचा चहा मीही प्यायलोय, दूध उत्तम होतं, पण गल्लोगल्ली डेअरीच्या पिशव्या मिळत असताना फौजेनं गायी का पाळायच्या? एवढी साधी गोष्ट कळायला स्वातंत्र्यानंतर सात दशकं लागली.

हा रोग आपल्याच मातीतला आहे असंही नाही. 2012 मध्ये अमेरिकेचे सेनाप्रमुख ओडिएर्नो सांगत होते, की आम्हाला आणखी एब्रम्स रणगाडे नकोत, पैसे दुसरीकडे वापरू. तरी त्यांच्या संसदेनं पैसे दिलेच, कारण ओहायोतल्या लायमाचा कारखाना चालू राहायला हवा होता. पण नको असलेले लष्करी तळ बंद करायला 1988 मध्ये त्यांनीच एक युक्तीही काढली, ती 2005 पर्यंत वापरली. स्वतंत्र आयोग यादी करायचा, आणि ती यादी एकतर सगळी स्वीकारायची किंवा सगळी फेटाळायची. ‘माझ्या मतदारसंघातलं नाव तेवढं वगळा’ म्हणायची सोयच नव्हती. आपल्याकडे बंद करायचे तळ आणि उघडायचे कारखाने, दोन्ही याद्या अशाच व्हायला हव्यात.

राहता राहिलं आमचं लातूर. तोफेच्या दारूचा कच्चा माल पुन्हा पुन्हा धुवावा लागतो, त्याला पाणी बेसुमार लागतं. एप्रिल 2016 मध्ये याच शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते विसरून आम्ही दारूगोळ्याचा कारखाना मागतो! त्यापेक्षा तलाव, कॅनॉल, नळाला रोजचं पाणी मागू. ते संरक्षण खात्याच्या खात्यावर टाकायचीही गरज नाही.

पुढच्या वेळी कोणी उमेदवार कारखान्याचा नकाशा घेऊन पारावर आला, तर मी त्याला एवढंच विचारणार आहे : फौजेनं हा मागितल्याचा कागद तुमच्याकडे आहे का?

आपला,
एक निवृत्त हवालदार
ता. औसा, जि. लातूर