मजूर हवा, मग त्याचं लेकरू नको का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कापूस वेचणीला आला, की सातपुड्यापलीकडून सेंधवा, बडवानी, खरगोनकडची पावरा-बारेला आदिवासी कुटुंबं आमच्या चोपडा, यावल भागात येतात. माणसं मिळावीत म्हणून आपणच गाडी धाडतो, उचल देतो. पण त्याच कुटुंबातली बाई रेशन दुकानात उभी राहिली, की रांगेतून कुणीतरी बोलतंच, "हे बाहेरचे, यांना इथे कसलं धान्य?" मग दुकानदाराचंही फावतं. आमच्याकडे गेल्या हंगामात एका बाईला "तुमचं कार्ड इथे चालत नाही" म्हणून परत पाठवलं. ई-पॉस मशीनवर तिचा अंगठा लावूनसुद्धा पाहिला नाही. कडेवर पोर, हातात रिकामी पिशवी. तिनं मग किराणा दुकानातून उधारीवर पीठ नेलं.

'एक देश, एक रेशनकार्ड' ही योजना २०२२ पासून सगळ्या राज्यांत लागू आहे. मध्य प्रदेशचं कार्ड इथे चालतं. थोडं धान्य इथे उचलून उरलेलं गावी राहिलेल्या म्हाताऱ्यांना तिकडे घेता येतं.

शाळेत हेच. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. पण "दोन महिन्यांत जाणारच आहेत" अशी कुरकुर गावातूनच सुरू होते आणि आठ-नऊ वर्षांची पोर पालावर धाकट्या भावाला सांभाळत बसते. अंगणवाडी ताई, आशा ताई यांना एकट्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गावाचा कल बघूनच त्यांना वागावं लागतं. शेतमालक स्वतः सोबत गेला, तर त्याच अंगणवाडीत लेकरांना खाऊही मिळतो आणि लसही. हे मी पाहिलं आहे.

सुरतेच्या लिंबायत, उधन्यात आपलीच खान्देशी माणसं राहतात. नंदुरबार जिल्ह्यातून दरवर्षी कोयते, म्हणजे मजूर जोडपी, गुजरातेत बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. तिथे त्यांना कुणी 'बाहेरचे' म्हणून हाकललं, तर आपल्याला चीड येते, आणि ती यायलाच हवी.

माझी विनंती आहे, की वेचणीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. आलेल्या कुटुंबांची आणि मुलांची यादी ग्रामपंचायतीनं शाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकानाला द्यावी. तहसील कार्यालयानं परराज्यातलं कार्ड चालतं, असा मराठी-हिंदी फलक प्रत्येक दुकानावर लावायला सांगावं. आणि ज्याच्या शेतात वेचणी, त्यानं पहिल्या खेपेला मजुरांसोबत दुकानात जावं.

आपला,
एक कापूस उत्पादक,
ता. चोपडा, जि. जळगाव