सायकल क्लबांची दप्तरे जपा

सायकल क्लबांचा इतिहास म्हणजे नुसत्या शर्यती आणि चषक नव्हेत. १८७८ साली ब्रिटनमध्ये 'बायसिकल टूरिंग क्लब' निघाला, १८८० मध्ये 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन'. मोटारी येण्याआधी चांगल्या रस्त्यांची मागणी लावून धरली ती याच मंडळींनी. ब्रिटनमधल्या क्लबाने तर धोक्याच्या उतारांवर सूचनाफलकही लावले! गावोगावच्या लहान क्लबांची दप्तरे मात्र कुणा सभासदाच्या माळ्यावर पडून असतात. वर्गणीच्या वह्या, पेन्सिलीने काढलेले मार्गांचे नकाशे, सहलींचे फोटो सगळे शेवटी रद्दीत जाते. जुने सभासद आहेत तोवर निदान फोटोंमागे नावे लिहून घ्या. ग्रंथालयांनीही या वह्या मागवून स्कॅन करून ठेवाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक सायकलप्रेमी वाचक