वैरेंगटेच्या जंगलात आन त्यानंतर ज्यांनी सांभाळलं, त्यांचे आभार

आज केजला ओट्यावर बसून तरोट्याची भाजी निवडत होतो आन एकदम 2009 आठवलं, म्हणलं लिहूनच टाकावं. मिझोराममधी वैरेंगटेला आर्मीचं जंगल वॉरफेअर स्कूल हाय, तिथं कोर्सला गेल्तो. शेवटी सर्व्हायवल, म्हणजे रेशन काढून घेतलं, चाकू आन काडेपेटी हातात दिली, जा. आमच्या बीडला पावसासाठी देव पाण्यात ठेवतेत आन तिथं पाऊस थांबंचना, कपडे अंगावरच कुजू लालते.

पहिले आभार नांदेडच्या त्या भावाचे. पिंढरीला सात जळवा चिकटलेल्या, मी येड्यावानी ओढू लालो, त्यानं हात धरला, म्हणला ‘थांब की बे’, आन शेवटच्या पुडीतली तंबाखू भिजवून एकेकीवर पिळली. पटापटा गळल्या. सोताची तलफ मारली पठ्ठ्यानं, ते काय असतंय हे खाणारालाच कळंल!

उस्तादांनी शिव्या लई दिल्या, पण बांबूचे कोंब कच्चे खायचे नाहीत, विषारी असतेत, उकळून पाणी फेकायचं, हे त्यांनीच शिकवलं. तिसऱ्या रात्री मला ताप भरला तवा सोताचा पोंचो माझ्यावर टाकून हे गडी भिजत बसले. सकाळी परत शिव्या.

आन सुट्टीवर येताना परळी स्टेशनाबाहेरचा तो काळीपिवळीवाला. पाय सुजून बुटात जाईनात, मामानं म्होरं बसवून केजपस्तोर आणलं, एक रुपया घेतला नाही. नाव इचारायचं राहिलं. गाडीत मागं दोन शेरडं व्हती एवढंच ध्यानात हाय.